केरबाचा गुडघा, हैबतीची पकड

एका नदीच्या दोन काठांवर दोन गावं होती. प्रत्येक गाव स्वतःला अल्याडवाडी म्हणायचं आणि समोरच्याला पल्याडवाडी. यावरून फार भांडणं व्हायची. शेवटी एका फिरत्या गोसाव्यानं कंटाळून निवाडा केला, उगवतीकडची ती अल्याडवाडी आणि मावळतीकडची ती पल्याडवाडी. नावं ठरली, भांडणं मात्र राहिलीच.

कारण आठवड्याचा बाजार दोन्ही गावांना हवा होता. त्यावर जाणत्या माणसांनी एक तोड काढली होती. दर माघात दोन्ही गावांनी हुतूतू खेळायचा. जो संघ जिंकेल, त्याच्या गावात वर्षभर बाजार भरेल.

अल्याडवाडीत केरबा नावाचा एक कुंभार होता. लहानपणापासून माती तुडवून तुडवून त्याचे पाय असे झाले होते, की एकदा जमिनीत रोवले की बैलाला हलायचे नाहीत आणि एकदा उडाले की हरणाला सापडायचे नाहीत. "हुतूतू, हुतूतू" करत तो रेघ ओलांडून समोरच्यांच्या अंगणात शिरायचा, एकाला हात लावायचा, दुसऱ्याला पाय, आणि धरायला धावलेल्या गड्यांच्या डोक्यावरून उडी घेऊन परत यायचा. ती उडी बघायला बायामाणसं हातातलं काम टाकून यायची. केरबा होता तोवर बाजार अल्याडवाडीतून हलला नाही.

पल्याडवाडीत हैबती नावाचा एक सुतार होता. त्याची पकड म्हणजे पकड. त्याच्या हातात घोटा सापडला की गडी तिथंच रुजला म्हणून समजावं. फक्त केरबा तेवढा त्याला कधी सापडला नव्हता.

एका माघात सापडला. केरबानं उडी घेतली, हैबतीनं खालून हात घातला, आणि त्याच्या मुठीत केरबाचा उजवा घोटा आला. केरबा खाली पडला. त्याच्या पायावर दुसरा गडी पडला, त्याच्यावर तिसरा. भट्टीत मडकं तडकावं तसा आवाज झाला. हैबतीनं आवाज ऐकताच मूठ सोडली होती, पण जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. केरबाचा गुडघा मोडला होता.

त्या दिवशी बाजार पल्याडवाडीला गेला.

हाडवैद्यानं लेप लावला, बांबूच्या कामट्या बांधल्या आणि सांगितलं, "चालशील. त्यात शंका नाही."

"आणि खेळेन?" केरबानं विचारलं.

वैद्य आपली पिशवी आवरत म्हणाला, "आधी चाल तर खरं."

उन्हाळा गेला, पावसाळा आला. कामट्या सुटल्या, पण केरबा ओट्यावरून उठेना. पाय वाळलेल्या फांदीसारखा झाला होता. काठी टेकत चार पावलं टाकली की घाम फुटायचा. येणारेजाणारे विचारपूस करायचे. "कसं आहे?" म्हणायचे, आणि पाठ वळली की आपसात बोलायचे, "काय उडी होती हो त्याची!" ते 'होती' केरबाच्या कानात काट्यासारखं रुतायचं.

माती आता त्याची बायको, राही, तुडवायची. चाकही तीच फिरवायची. तयार मडकी डोक्यावर घेऊन ती नदी उतरून पल्याडवाडीच्या बाजाराला जायची. वाटेत दोनचार फुटायचीच. एकदा ती अशीच बाजारातून आली, तर केरबा सकाळी होता तिथंच, तसाच बसलेला. समोर भाकरीला हात लावलेला नव्हता.

राही दमली होती. तिचा तोल सुटला.

"अहो, मी एकटीनं किती करायचं? गुडघा मोडला तुमचा, हे गाव जाणतं. पण बाकीचं अंग कुणी मोडलं?"

"उभं राहवत नाही तर काय करू?" केरबा ओरडला.

"धरून उभे राहा."

तिनं त्याचा हात धरला आणि त्याला ओढतच अंगणात नेलं. भिजवलेल्या मातीच्या खड्ड्याशेजारी मांडवाचा खांब होता. त्या खांबाला त्याचे दोन्ही हात लावून ती म्हणाली, "तुडवा. तुमचा कोणता पाय चांगला अन् कोणता मोडका, मातीला काही कळत नाही."

केरबानं रागारागानं पाय टाकला. कळ थेट कमरेपर्यंत गेली. त्यानं बायकोला नाही नाही ते बोलून घेतलं. ती शांतपणे चाकावर जाऊन बसली. तिला माती हवी होती.

दुसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा तुडवली. मग रोज. ओली माती पायाला धरून ठेवायची, ओढून काढावा लागायचा. सुरुवातीला चुलीएवढा गोळा तुडवायला सकाळ जायची. दिवाळी आली तेव्हा खांब सुटला होता. माघ आला तेव्हा काठी सुटली होती. त्या माघाचा खेळ त्यानं काठावर बसून पाहिला. अल्याडवाडी हरली. येताना कुणीतरी म्हणालं, "केरबा असता तर!" आणि केरबा तर तिथंच, त्याच्या शेजारून चालत होता.

त्या रात्री त्यानं मनाशी ठरवलं, पुढच्या माघाला मी असेन.

वर्षभर त्यानं मेहनत घेतली. आधी चालला, मग चढण चढला, मग पळू लागला. दसऱ्यानंतर संघाचा सराव सुरू झाला, तेव्हा केरबा धोतराचा काष्टा मारून मैदानात हजर झाला. संघाच्या म्होरक्यानं त्याला मिठी मारली. पोरांनी आरोळ्या ठोकल्या.

केरबा चढाईला निघाला. "हुतूतू, हुतूतू, हुतूतू..." पाय हलका होता, दम भरपूर होता. एका पोरानं वाकून हात घातला. हात नुसता गुडघ्याला लागला, आणि केरबाच्या कानात तो जुना आवाज झाला. तडक्! त्याचं तोंड बंद झालं. तो जागच्या जागी उभा राहिला.

"दम सुटला," म्होरक्या म्हणाला. "असू दे. पुन्हा ये."

पुन्हा तेच झालं, आणि त्यानंतरही तेच. मग पोरं त्याला जपून धरायला लागली, एखादं नवं लुगडं धरावं तशी. ते तर आणखीच वाईट. सराव संपल्यावर म्होरक्यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "केरबा, पाय बरा झालाय तुझा. पण पायावरचा तुझा भरवसा काही परत आलेला नाही. कशाला जिवाला त्रास करून घेतोस? काठावर बस, पोरांना चार गोष्टी सांग."

म्होरक्या वाईट माणूस नव्हता. म्हणूनच केरबाला त्याचं बोलणं जास्त लागलं.

घरी आल्यावर तो राहीला म्हणाला, "झालं माझं खेळणं."

पुढच्या बाजारच्या दिवशी तिनं मडक्यांची एक पाटी त्याच्यासमोर ठेवली. "आज चला माझ्याबरोबर. ओझं फार आहे."

पल्याडवाडीच्या बाजारात दोघं मडकी मांडून बसले. दुपारी एक उंच, रुंद खांद्यांचा माणूस समोर येऊन उभा राहिला. तो हैबती होता. त्यानं एक मडकं उचललं, वाजवून पाहिलं, खाली ठेवलं. दुसरं उचललं. नजर काही वर होईना.

"घ्यायचंय की नुसतं वाजवायचंय?" राहीनं विचारलं.

हैबती खाली बसला. "केरबा, तुझा पाय कसा आहे?"

"पाय बरा आहे."

"मग सरावाला जातोस?"

"जात होतो." केरबा रुक्षपणे म्हणाला. पण समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं. त्यानं पुढचंही सांगून टाकलं. "कुणाचा हात गुडघ्याला लागला की माझा दम सुटतो."

हैबतीनं आपल्या पंजांकडे पाहिलं. "माझंही तसंच झालंय. दोन माघ आमचा संघ जिंकला म्हणतात. गेल्या माघात मी एकालाही नीट धरलेलं नाही. हातात पाय आला की तो आवाज ऐकू येतो अन् मूठ आपोआप सैल पडते. गावाला वाटतं, हैबती आता म्हातारा झाला."

गिऱ्हाइकं येऊन गेली, राहीनं विकायचं ते विकलं.

"सरावाला तुला धरतं कोण?" हैबतीनं एकदम विचारलं.

"आमचीच पोरं."

"कशी धरतात?"

"देवाची मूर्ती धरावी तशी."

हैबती हसला. मग त्याचं हसू मावळलं. "मी धरू?"

केरबा ताडकन उठला. "एकदा धरलास तेवढं पुरे नाही झालं?" पाटी उचलून तो चालू लागला.

नदी उतरताना राही मागून म्हणाली, "जपून धरणाऱ्यांकडून तुमची भीती गेली नाही. आता न जपणाऱ्याकडे एकदा जाऊन बघायला काय हरकत आहे?"

नदीच्या मधोमध वाळूचा एक पट्टा होता. तो कोणत्याच गावाचा नव्हता. दोन दिवसांनी सकाळी केरबा तिथं गेला, तेव्हा हैबती आधीच येऊन बसला होता. राहीनं आदल्या दिवशी निरोप पोचवला होता, हे केरबाला नंतर कळलं.

पहिल्या दिवशी हैबतीनं त्याचा गुडघा नुसता धरला. ओढला नाही, पिळला नाही. केरबाला घाम फुटला, तो ओरडला, झटकून दूर झाला.

"काही मोडलं का?" हैबतीनं विचारलं.

"नाही."

"मग ये परत."

असं रोज चाललं. मूठ रोज थोडी घट्ट होत गेली. केरबाचा दम आधी पहिल्याच झटक्याला सुटायचा, मग चार 'हुतूतू' टिकू लागला, मग आठ. हैबतीची मूठही हळूहळू सैल पडेनाशी झाली. एकदा केरबानं जुन्या सवयीनं उडी मारली आणि तोंडावर वाळूत आपटला. तोंडातली वाळू थुंकत तो म्हणाला, "उडी गेली रे माझी."

"गेली तर गेली," हैबती म्हणाला. "तू माती कशी तुडवतोस?"

केरबानं करून दाखवलं. खाली वाकायचं, भार पुढे टाकायचा, पाय रोवायचा आणि चिखलातून उपसून काढायचा.

"मग तसाच चाल की! मी चिखल आहे असं समज."

त्या दिवशी केरबा हैबतीला वाळूतून फरफटत दहा पावलं घेऊन गेला. दोघंही हसून हसून आडवे झाले.

अशी गोष्ट लपून राहत नाही. पल्याडवाडीच्या पाटलांनी हैबतीला चावडीवर बोलावलं.

"शत्रूला शिकवतोस? बाजार गेला तर गाव तुझ्या नावानं खडे फोडेल."

हैबती हात जोडून म्हणाला, "पाटील, तो पडलेला आहे म्हणून आपण जिंकतोय. तो उभा असताना जिंकलो तर खरं."

"आणि मैदानात तो समोर आला म्हणजे? तिथंही दया दाखवणार?"

"तिथं सोडणार नाही."

"सगळं गाव तुझ्या मुठीकडे बघत असेल," पाटील म्हणाले. "सोडलीस, तर आमच्या गावात तुला जागा नाही."

इकडे अल्याडवाडीत म्होरक्यानं केरबाला बाजूला घेतलं. "तू भोळा आहेस. तो तुला बरं करत नाही, तुझा गुडघा ओळखून घेतोय. नेमकं कुठं दुखतं, ते शिकतोय. मैदानात तिथंच दाबेल, मग बोंबल."

केरबा त्या रात्री झोपला नाही. म्होरक्याचं म्हणणं खोटं कशावरून? हैबती पल्याडवाडीचा. त्याची चूल तिकडे, सोयरेधायरे तिकडे, बाजार तिकडे. उद्यापासून गेलं नाही, तर कुणी नावं ठेवणार नव्हतं. त्यानं कूस बदलली आणि राहीला विचारलं. ती म्हणाली, "तुम्ही रोज त्याच्या हातात पाय देता. हात कसा आहे ते तुम्हाला कळायला हवं, मला काय विचारता?"

सकाळी केरबा वाळूवर गेला. हैबती नेहमीसारखा वाकला, तेव्हा केरबानं त्याला थांबवलं. खाली बसून त्यानं पाय लांब केला, हैबतीचा हात धरला आणि त्याचं बोट गुडघ्याच्या आतल्या बाजूला नेऊन टेकवलं.

"दुखतं ते इथं. अजूनही. बाकी कुठं नाही."

हैबतीनं हात एकदम मागे घेतला. "हे मला कशाला दाखवलंस?"

"आमचा म्होरक्या म्हणतो, तू हेच शोधतोयस. म्हटलं, तुझे कष्ट वाचवू."

हैबतीच्या डोळ्यांत पाणी आलं. तो काही बोलायला गेला, तर केरबा म्हणाला, "ऐक. माघात तुझा हात जिथं पडेल तिथं पडू दे. तिथून सरकवू नकोस, अन् मूठ ढिली करू नकोस. तू मला जपलंस, तर मी जिंकूनही मोडलेलाच राहीन."

हैबतीनं मान हलवली. "अन् तू थांबू नकोस. थांबलास, तर माझ्या कानातला आवाज जन्मभर जायचा नाही."

माघ आला. दोन्ही गावं मैदानाभोवती लोटली. म्होरक्यानं केरबाला संघात घेतलं खरं, पण मागच्या कोपऱ्यात उभं केलं आणि एकदाही चढाईला पाठवलं नाही. बाकीचे गडी जात राहिले, बाद होत राहिले. म्होरक्या स्वतः बाद झाला. शेवटी अल्याडवाडीकडे एकच गडी उरला. समोर पल्याडवाडीचे तिघं होते, त्यांतला मधला हैबती.

आता पाठवायला दुसरं कुणी नव्हतंच. केरबानं वाकून रेघेला हात लावला, छाती भरून श्वास घेतला आणि आत शिरला.

"हुतूतू, हुतूतू, हुतूतू..."

डावीकडचा गडी सरकला, उजवीकडचा सरकला. केरबानं एकाला हात लावला आणि वळला. तेवढ्यात हैबती झेपावला. त्याचा हात केरबाच्या उजव्या पायावर पडला, नेमका गुडघ्यावर. मूठ मिटली. बाजारातली माणसं पुढं सांगायची, की त्या क्षणी नदीचासुद्धा आवाज बंद झाला होता.

हैबतीनं पकड सरकवली नाही. ढिलीही केली नाही. उरलेले दोघं धावत येऊन केरबाच्या कमरेला आणि दुसऱ्या पायाला बिलगले. केरबाच्या गुडघ्यातून कळ निघाली. पण ती कळ त्याला ठाऊक होती. रोज सकाळी वाळूवर भेटणारी तीच होती ती. कानात आवाज येईल म्हणून तो क्षणभर वाट पाहत राहिला. कानात फक्त त्याचा स्वतःचा आवाज होता, "हुतूतू, हुतूतू."

तो खाली वाकला. भार पुढे टाकला. पाय रोवला, उपसला, पुढे टाकला. तीन माणसं अंगाला लोंबकळत असताना कुंभार मातीतून चालावा तसा चालला. रेघ दोन हातांवर राहिली. चेहरा काळानिळा झाला. आवाज बारीक झाला, चाकाच्या कुरकुरीएवढा, पण तुटला नाही. काठावरून राही ओरडली, "तुडवा!" केरबानं अंग पुढे झोकून दिलं आणि लांब केलेली बोटं रेघेपलीकडे टेकली.

तिघंही बाद!

अल्याडवाडीकरांचा आनंद उतू गेला. टोप्या, पागोटी, उपरणी हवेत उडाली. पोरांनी केरबाला खांद्यावर घेतलं. म्होरक्या गर्दीतून वाट काढत आला आणि म्हणाला, "केरबा, मी तुला कोपऱ्यात ठेवलं. चुकलो गड्या."

तेवढ्यात पल्याडवाडीचे पाटील तावातावानं पुढे आले. "हैबती! सोडलास ना त्याला? खरं सांग!"

हैबती मैदानातच बसून धापा टाकत होता. त्याला बोलायला दम नव्हता. केरबा पोरांच्या खांद्यावरून खाली उतरला, लंगडत पाटलांपुढे गेला आणि त्यानं उजवं पाऊल पुढे करून धोतर गुडघ्यावर घेतलं. पाच बोटं लालभडक उमटली होती. अंगठा आतल्या बाजूला, दुखऱ्या जागेवरच पडला होता. कातडी सोलून निघाली होती.

"पाटील," केरबा म्हणाला, "याला सोडलं म्हणायचं असेल, तर धरणं कशाला म्हणतात ते तुम्हीच सांगा."

पाटलांनी ती बोटं पाहिली, मग हैबतीच्या हाताकडे पाहिलं. काही वेळानं त्यांनी डोक्यावरचं पागोटं काढलं आणि ते हैबतीच्या डोक्यावर ठेवलं. हे पाहून पल्याडवाडीची माणसंही ओरडायला लागली, आणि त्या दिवशी कोण जिंकलं अन् कोण हरलं, हे आरोळ्यांवरून कुणाला ओळखता आलं नसतं.

बाजार अल्याडवाडीला आला. पहिल्याच बाजारात हैबती नदी उतरून आला आणि केरबाच्या शेजारी आपली लाटणी-पोळपाट मांडून बसला.

"पुढच्या माघात बाजार घेऊन जाणार आहे मी," तो म्हणाला.

"ये की न्यायला," केरबा म्हणाला. "पण त्याआधी सकाळी वाळूवर ये. तुझी डावी मूठ अजून कच्ची आहे."

तात्पर्य काय, तर मोडलेलं हाड वेळ गेला की सांधलं जातं. मोडलेला भरवसा सांधायला मात्र आपण पुन्हा उभे राहू शकतो असं मानून आपल्याला पुरत्या जोरानं धरणारा माणूस लागतो, आणि त्याच्या हातात पाय देण्याची हिंमत आपल्यालाच करावी लागते.